बळी, बलिदान की नुसतंच ‘दिला’?

प्रश्न असा : बुद्धिबळात समोरच्या राजापर्यंत पोचण्यासाठी आपला मोहरा मुद्दाम मारू देतात, त्याला ‘बळी’ म्हणावं की ‘बलिदान’? आणि त्याने राजा ‘उघडा पडतो’, हे बरोबर का?

‘बळी’ची पंचाईत क्रिकेटने करून ठेवली आहे. तिथे बळी म्हणजे कमाई. ‘दोन बळी’ एवढंच कानावर पडलं, तर घेतले की दिले हे क्रियापद येईपर्यंत कळत नाही. ‘बलिदान’वर आक्षेप असा की ते स्वतःचं असतं, उंटाला कोण विचारतंय? पण शब्द फोडून पाहा : बलि अधिक दान. बळी देणं, आणि देणारा खेळाडूच. तेव्हा लिहिताना ‘बलिदान’ खुशाल वापरावं. पटावर बसलेला माणूस मात्र सरळ ‘हत्ती दिला’ म्हणतो, आणि मला तेच आवडतं. ‘गेला’ म्हटलं की चूक, ‘दिला’ म्हटलं की बेत.

राजाचं म्हणाल तर ‘उघडा पाडणे’ला लबाडी पकडल्याचा वास येतो. त्यापेक्षा ‘उघड्यावर आणणे’ नेमकं, कारण किल्लेकोट करून (म्हणजे हत्तीसोबतच्या एकाच चालीत कोपऱ्याकडे सरकून) प्याद्यांआड बसलेल्या राजाचं छप्परच जातं. १८८९ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या स्पर्धेत जर्मन बुद्धिबळपटू इमॅन्युएल लास्करने प्रतिस्पर्धी बाउअरविरुद्ध आधी एक उंट देऊन राजापुढचं प्यादं काढलं, मग दुसरा देऊन त्याच्या शेजारचं. राजा उघड्यावर आला, तरी मात लगेच झाली नाही. शह अडवताना बाउअरला हत्तीच्या बदल्यात वजीर द्यावा लागला (‘दिला’ आणि ‘द्यावा लागला’ यांतलं अंतर बघा), आणि पाठोपाठ लास्करच्या वजिराने एकाच चालीत दोन उंटांवर मारा धरला.

ऑस्ट्रियन बुद्धिबळपटू रुडॉल्फ श्पीलमान खरं आणि दिखाऊ बलिदान वेगळं काढत असे. परतफेड आधीच मोजलेली असेल तर दिखाऊ, नुसत्या अंदाजावर दिलं तर खरं. त्या मापाने लास्करने उंट उसनेच दिले म्हणायचे.

गॅम्बिटला, म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच काहीतरी देऊ करण्याला, सरसकट ‘प्याद्याचं बलिदान’ म्हणतात, ते मला जरा जड वाटतं. मूळ इटालियन शब्द पायात पाय घालून पाडण्याचा, सुरुवातीच्या चालींसाठी तो १५६१ मध्ये स्पॅनिश बुद्धिबळपटू रुय लोपेझने वापरला. आपल्या आखाड्यात त्याला टांग म्हणतात.