ती कार्डं आधी कपाटात ठेवा

लहान मुलाला इंग्रजी शब्द शिकवायला आणलेली ती शंभर चित्रांची कार्डं आधी कपाटात ठेवा. तीन-चार वर्षांचं मूल शब्द पाठ करून शिकत नाही, वापरातून शिकतं. अंघोळीच्या वेळी ‘वॉटर’, ‘सोप’, ‘टॉवेल’. आठवड्याला ५-६ शब्द पुरेत, पण रोज तेच आणि त्याच जागी. नुसती नामंही नकोत. आपण सगळे रंग, फळं, प्राणी यांतच अडकतो. मग मुलाला वीस प्राणी येतात आणि ‘ओपन’ म्हणता येत नाही. झाकण घट्ट लावलेला डबा हातात द्या, ‘ओपन?’ विचारा, उघडा, पुन्हा लावा. माझ्या मुलीने हा खेळ इतका ताणला की शेवटी मीच कंटाळले, पण शब्द पक्का बसला.

चुकलं तर टोकू नका. ‘टू फूट्स’ म्हणालं, तर ‘हो, टू फीट!’ एवढंच म्हणायचं. पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव’ तर अजिबात नको. घरच्या भाषेतल्या गोष्टी, गाणी चालूच ठेवा. सुरुवातीला मूल बरेच दिवस नुसतं ऐकतं. ‘ब्रिंग युअर शूज’ म्हटल्यावर मुकाट्याने बूट घेऊन आलं, की समजा, शब्द पोचलाय.