प्रोब उजळला, पण कोणामुळे?

चि. विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा नवा प्रोब, म्हणजे ठरावीक एन्झाइम भेटलं की चमकणारा रेणू, पेशींवर टाकताच हिरवागार उजळला, हे वाचून बरं वाटलं. फोटोही झकास आलाय. पण लगेच पेपर लिहायला बसू नकोस. तो उजळवला कोणी, हे आधी शोध.

टोकियो विद्यापीठातल्या यासुतेरू उरानो यांच्या गटाचा २०११ चा पेपर तू वाचला आहेसच. त्यात रोडामाइन या चमकणाऱ्या रंगाच्या सांगाड्याला ग्लुटामेट हे अमिनो आम्ल जोडलंय. ते आहे तोवर रेणू आतल्या आत कडी घालून बसतो. ना रंग, ना चमक. कर्करोगाच्या बऱ्याच पेशींच्या पृष्ठभागावर जीजीटी हे एन्झाइम जास्त असतं. ते ग्लुटामेट तोडतं, कडी उघडते आणि निळ्या प्रकाशात हिरवी चमक दिसते. उंदरांच्या पोटात पसरलेल्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या गाठींवर हा प्रोब फवारला, तर मिनिटभरात उजळायला सुरुवात झाली. रसायनशास्त्र म्हणून देखणं काम आहे!

आता तुझ्या प्लेटकडे ये. रक्ततपासणीच्या लिव्हरच्या रिपोर्टमध्ये जीजीटीचा आकडा असतो, म्हणजे हे एन्झाइम रक्तातही फिरतं. तू पेशी ज्यात वाढवतेस त्या मीडियममध्ये सीरम, म्हणजे रक्तातला द्रव, होतं ना? मग पेशी नसलेले, नुसत्या मीडियमचे वेल, म्हणजे प्लेटमधले खळगे, लाव. काही वेलमध्ये पेशींना आधी जीजीटीचा इन्हिबिटर, म्हणजे त्याचं काम थांबवणारा रेणू, दे आणि मग प्रोब घाल. चमक विझली तरच श्रेय जीजीटीचं. सगळ्या फोटोंना एक्सपोजर एकच ठेव आणि ऑटो-कॉन्ट्रास्ट बंद कर. ते बटण अंधारातूनही गाठ काढून दाखवतं.

उंदरांवर जाशील तेव्हा आणखी एक गोष्ट. नेहमीच्या खाद्यात लसूणघास असतो. त्यातलं क्लोरोफिल लाल टोकाला स्वतःच चमकतं, आणि पोटाजवळची ‘गाठ’ म्हणजे सकाळचा नाश्ता निघतो. इमेजिंगच्या काही दिवस आधीपासून लसूणघास नसलेलं खाद्य सुरू कर. निरोगी मूत्रपिंडात तर जीजीटी भरपूर असतं, त्यामुळे तिथली चमक पाहून हुरळून जायचं काहीच कारण नाही.

एवढी कटकट कशाला, असं तुला वाटेल. अगं, पुढे हा उजेड पाहून कोणीतरी सुरी चालवणार आहे. खोटी चमक दिसली तर निरोगी भाग कापला जातो, खरी हुकली तर गाठ आत राहते. प्रोटिएझमुळे, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइममुळे, उजळणारे प्रोब उंदरांमधल्या गाठी दाखवतात, हे बोस्टनमध्ये राल्फ वाइसलेडर यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं. त्याच कल्पनेवरच्या, कॅथेप्सिन या प्रोटिएझमुळे उजळणाऱ्या पेग्युलिसियानिन या प्रोबला अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएची मंजुरी मिळाली एप्रिल २०२४ मध्ये. स्तनातली गाठ काढल्यावर पोकळीत काही उरलंय का, हे त्यातून पाहतात. तेही तीव्र ॲलर्जीच्या ठळक इशाऱ्यासह. मधली पंचवीस वर्षं काही नुसता नवा रंग शोधण्यात गेली नाहीत.

तुझ्या रेणूची तरंगलांबी लालकडे सरकवायची घाई आत्ता नको. हिरवा प्रकाश ऊतीत खोल जात नाही हे खरं, पण फवारून पृष्ठभाग पाहायला तो चालतो.

सोमवारी इन्हिबिटरची प्लेट लाव आणि रिकाम्या वेलचे आकडेही न वगळता पाठव.

तुझा,
सर