वाचक विचारतात : जेट इंजिन नक्की कुणाचं?

मागच्या अंकात विमानांवर एक छोटं टिपण आलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी सगळं सदर इंजिनांनाच दिलंय. रॉकेटवाल्यांचे प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न : जेट इंजिनचा शोध कुणी लावला? आमचे सर म्हणतात व्हिटल, यूट्यूबवर म्हणतात ओहाइन. परीक्षेत काय लिहू? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोल्हापूर)

परीक्षेत सर म्हणतात ते लिही, मार्क त्यांच्या हातात आहेत. आता खरं काय ते सांगतो.

फ्रँक व्हिटल ब्रिटिश हवाई दलातला तरुण ऑफिसर. जानेवारी १९३० मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. हवाई मंत्रालयाने कल्पना आपल्या तज्ज्ञाला, ग्रिफिथला दाखवली, आणि गंमत म्हणजे हा ग्रिफिथ स्वतः टर्बाइनवरच (गरम गॅसच्या झोतावर फिरणारं पात्यांचं चाक, जेट इंजिनाचा गाभा) काम करणारा, त्याने व्हिटलच्या गणितातली चूक काढली आणि हे काही जमणारं नाही असं सांगून टाकलं. पुढे १९३५ ला पेटंट रिन्यू करायचं होतं, फी ५ पौंड, व्हिटलच्या हातात तेव्हा पैशाची चणचण, आणि मंत्रालय म्हणालं आम्ही काही भरणार नाही. झालं, पेटंट गेलं. पाच पौंडांसाठी! मग जुने हवाई दलातले दोन मित्र भेटले, त्यांनी भांडवल जमवलं, १९३६ मध्ये पॉवर जेट्स नावाची कंपनी निघाली आणि १२ एप्रिल १९३७ ला रग्बीच्या कारखान्यात इंजिन पहिल्यांदा चालू झालं. चालू झालं म्हणजे कसं, तर सुटलंच. फ्युएलचा व्हॉल्व्ह बंद केला तरी स्पीड वाढतच चाललाय, कारण आत आधीच इंधन साचलेलं होतं, आणि आजूबाजूचे सगळे जीव घेऊन पळाले.

तिकडे जर्मनीत हान्स फॉन ओहाइन, ग्योटिंगेनचा पीएचडी, वयाने व्हिटलपेक्षा चार वर्षांनी लहान. याने पहिलं मॉडेल गाडी दुरुस्तीच्या गॅरेजमधल्या माक्स हान नावाच्या मेकॅनिककडून बनवून घेतलं, तेही स्वतःच्या खिशातून. ते नीट चाललं नाही, ज्वाळा आत जळायच्या सोडून बाहेर यायच्या. पण विमान कंपनीचा मालक हाइंकेल याला हे वेड पटलं, त्याने १९३६ मध्ये दोघांनाही नोकरीवर घेतलं. ओहाइन हुशार, त्याने ज्वलनाची कटकट आधी टाळली आणि पहिलं इंजिन सरळ हायड्रोजनवर चालवून दाखवलं, मग मालकाचा विश्वास बसला. २७ ऑगस्ट १९३९ ला हाइंकेल १७८ उडालं, जगातलं पहिलं जेट विमान, पायलट एरिश वार्झिट्स. त्यानंतर पाचव्या दिवशी महायुद्ध सुरू. व्हिटलच्या इंजिनवरचं ग्लॉस्टरचं विमान क्रॅनवेलवरून उडालं १५ मे १९४१ ला, १७ मिनिटं.

म्हणजे पेटंट आधी व्हिटलचं, उड्डाण आधी ओहाइनचं. दोघं १९६६ मध्ये भेटले, आणि १९९१ मध्ये इंजिनिअरिंगचा मोठा ड्रेपर पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला.

पण माझं मत विचारशील तर ही शर्यत थोडी भलतीकडेच लक्ष वेधते. कारण गॅस टर्बाइनची कल्पना दोघांच्याही कितीतरी आधीची, जॉन बार्बर नावाच्या इंग्रजाने १७९१ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. मग दीडशे वर्षं लोक काय करत होते? तर अडकले होते. हवा दाबायला कंप्रेसर लागतो, तो फिरवायला टर्बाइन, आणि टर्बाइनची बहुतेक सगळी ताकद तो कंप्रेसरच खाऊन टाकतो. दोन्हींची एफिशियन्सी जरा कमी पडली की हातात शून्य. उरणारी ताकद वाढवायची तर गॅस जास्त गरम हवा, आणि तो गरम गॅस सहन करणारा धातूच नव्हता. नॉर्वेच्या एलिंगने १९०३ मध्ये स्वतःला फिरवून वर थोडी शक्ती उरवणारी पहिली टर्बाइन चालवली, उरली किती, तर ११ हॉर्सपॉवर. व्हिटलचं इंजिन खरं मार्गी लागलं ते निमोनिक हा निकेलचा मिश्रधातू हाताशी आल्यावर. तो ज्यांनी बनवला त्यांची नावं कुणाला पाठ नसतात.

प्रश्न : जर्मनांकडे जेट फायटर होतं तर ते हरले कसे? आणि ते इंजिन २५ तासांत बाद व्हायचं हे खरं का? (एक वाचक, पुणे)

खरं आहे, उलट २५ म्हणजे नशीब चांगलं असेल तर. मेसरश्मिट २६२ या त्या फायटरमध्ये युंकर्सचं युमो ००४ इंजिन होतं, डिझायनर आन्सेल्म फ्रांत्स. डिझाइन म्हणून बघितलं तर ते व्हिटलच्या पुढचं, कारण यात हवा सरळ रेषेत पात्यांच्या एकामागून एक रांगांमधून दाबली जाते, आजची सगळी मोठी विमानं हीच पद्धत वापरतात. व्हिटल आणि ओहाइनच्या इंजिनांमध्ये हवा फिरत्या चाकातून बाहेरच्या बाजूला फेकून दाबली जायची, त्याने इंजिन ढेरपोटं होतं.

घोडं अडलं कुठे, तर परत धातूवरच. युद्धात जर्मनीला निकेल आणि क्रोमियम मिळेना. मग ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे आणि वर ॲल्युमिनियमचा थर, टर्बाइनची पाती पत्र्याची, आतून पोकळ, आणि त्या पोकळीतून हवा खेळवून ती थंड ठेवायची. ही थंड करायची युक्ती नाइलाजाने आलेली, पण नंतर सगळ्या जगाने उचलली. आयुष्य मात्र १० ते २५ तास. पायलटने थ्रॉटल जरा घाईने पुढे ढकलला की इंजिन विझायचं नाहीतर जळायचं. आणि ही इंजिनं डोंगराखालच्या बोगद्यांमध्ये छळछावण्यांतल्या कैद्यांकडून जोडून घेतली जात होती, हे त्या विमानाचं कौतुक करणारे व्हिडिओ सहसा सांगत नाहीत. विमान वेगवान होतं यात वाद नाही, ताशी ८७० किलोमीटरच्या आसपास, पण उडताना आणि उतरताना ते हळू असायचं, अमेरिकन पायलट धावपट्टीजवळच टपून बसायचे. शिवाय १९४४ पर्यंत उशीर झाला होता, ना पेट्रोल उरलं ना शिकलेले पायलट. एका इंजिनाने युद्ध फिरलं असतं असं मला वाटत नाही.

प्रश्न : मी जुना माणूस. सांताक्रूझला पहिली बोइंग ७०७ बघितली तेव्हा तिची इंजिनं सिगारसारखी बारीक होती. आता नातवाबरोबर जातो तर इंजिनात माणूस उभा राहील एवढं तोंड. मोठं इंजिन म्हणजे जास्त इंधन ना? मग हे कसं परवडतं? (एक आजोबा, डोंबिवली)

आजोबा, तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला. उत्तर उलटं आहे, तोंड मोठं म्हणून इंधन कमी.

विमान पुढे जातं ते हवा मागे ढकलून. धक्का किती मिळणार हे ठरतं हवेचं वजन गुणिले तिचा वेग यावरून, पण खर्च होणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. आकडे घेऊन बघा. १ किलो हवा सेकंदाला १०० मीटर वेगाने फेकली तर धक्का १००, आणि ऊर्जा ५००० ज्यूल. १० किलो हवा १० मीटरने फेकली तर धक्का तेवढाच १००, ऊर्जा फक्त ५०० ज्यूल. म्हणजे थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा भरपूर हवा सावकाश ढकलणं स्वस्त, आणि आवाजही कमी, कारण जेटची ती किंकाळी वेगाने सुटलेल्या गॅसचीच असते. म्हणून पुढे मोठा पंखा लावतात, त्याची बहुतेक हवा आगीजवळ जातच नाही, बाहेरून वळसा घालून मागे निघते. यालाच बायपास म्हणतात.

आणि तुम्ही जी ७०७ बघितली ती एअर इंडियाची असेल, १९६० मध्ये आलेली, तर तिच्यात रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिनं होती, आणि कॉनवे हे नियमित सेवेत आलेलं जगातलं पहिलं बायपास इंजिन! म्हणजे आजच्या त्या मोठ्या तोंडाची सुरुवात तुम्ही सांताक्रूझला उभं राहून बघितलीत. फक्त तिच्यात बायपास अगदी नावापुरता, आतून जाणाऱ्या हवेच्या साधारण पाव ते एक-तृतीयांश. ७४७ आली १९७० मध्ये, तिच्या इंजिनांत बाहेरची हवा आतल्या हवेच्या पाचपट. आजच्या ए३२० निओच्या इंजिनांत ती ११-१२ पट आहे.

मग पहिल्यापासूनच मोठा पंखा का नाही लावला? कारण मोठा पंखा फिरवायला आतला गाभा लहान पण प्रचंड ताकदीचा हवा, म्हणजे आणखी गरम, म्हणजे परत धातू. आता टर्बाइनच्या तोंडाशी गॅस १५०० अंशांच्या वर असतो आणि पात्याचा धातू १३०० च्या आसपास वितळायला लागतो. तरी पातं टिकतं, कारण त्यात बारीक भोकं पाडून थंड हवेची चादर वर पसरवतात, त्यावर सिरॅमिकचा लेप, आणि अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात म्हणजे ज्या सांध्यांवरून धातू हळूहळू ताणला जाऊन तुटतो ते सांधेच त्यात नसतात. आणि पंख्याचं म्हणाल तर त्याने एक कंपनी बुडवली. रोल्स-रॉइसने आरबी २११ या इंजिनासाठी कार्बन फायबरची पाती करायला घेतली, हलकी, सुंदर, पण पक्षी आदळायच्या टेस्टमध्ये ती तुटली. परत टायटॅनियमवर यावं लागलं, बाकीचा खर्चही हाताबाहेर गेलेला, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. रोल्स-रॉइसचं! सरकारने ताब्यात घेऊन वाचवली. इंजिन मात्र पुढे इतकं चांगलं निघालं की आजची त्यांची ट्रेंट इंजिनं त्याचीच वंशज.

प्रश्न : तळपद्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर पाऱ्याच्या इंजिनाचं विमान उडवलं, ते जेट होतं का? (एक वाचक, गिरगाव)

शिवकर बापूजी तळपदे हे खरे गृहस्थ, विमानाचा ध्यास असलेले. पण ते उड्डाण झालं याचा त्या काळातला भरवशाचा पुरावा नाही, आणि पारा तापवून धक्का मिळवायचं जे वर्णन सांगतात त्यात कंप्रेसर, ज्वलन, टर्बाइन यातलं काहीच बसत नाही. ज्या संस्कृत ग्रंथाचा हवाला देतात तो बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या लोकांनी १९७४ मध्ये तपासला, तो विसाव्या शतकातलाच निघाला आणि त्यातली विमानं उडण्यासारखी नाहीत असं त्यांनी दाखवलं. चिडून पत्रं येणार हे माहीत आहे, येऊ द्या.

प्रश्न : आमच्या ओझरला मिग बनायचे, आता सुखोई. मग आपलं स्वतःचं इंजिन का नाही? (एक वाचक, नाशिक)

ओझरला १९६४ पासून विमानाचा सांगाडा आणि जुळणी, इंजिनं ओडिशातल्या कोरापुटहून. बंगळुरूला तर १९५७ पासून ब्रिटिश ऑर्फियस इंजिनं लायसन्सवर बनवायला घेतली. पण लायसन्सवर बनवणं म्हणजे दुसऱ्याचा ड्रॉइंग घेऊन तंतोतंत तसं करणं, पात्याला भोक तिथेच का, हे कुणी सांगत नाही.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती मारुतची. कुर्ट टांक या जर्मन डिझायनरने हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये हे फायटर बनवलं, १९६१ मध्ये उडालं, दिसायला देखणं. ते ज्या ताकदवान ऑर्फियससाठी आखलं होतं त्याचं कामच ब्रिटिशांनी थांबवलं आणि आपण त्याचे पैसे द्यायला तयार झालो नाही. शेवटी साध्या ऑर्फियसवर भागवलं आणि विमान आयुष्यभर कमी ताकदीचं राहिलं. कावेरी या देशी इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली, वजन जास्त आणि थ्रस्ट (म्हणजे धक्का) कमी भरला, २००८ मध्ये ते तेजस या आपल्या फायटरपासून वेगळं केलं, तेजस अमेरिकन इंजिनावर उडतं. उंचीवरच्या चाचण्यांसाठी कावेरी रशियाला न्यावं लागलं कारण आपल्याकडे तशी सोयच नव्हती. मला विचाराल तर डोकी होती, भट्ट्या आणि इंजिन बांधून तपासायचे टेस्ट बेड नव्हते, आणि या गोष्टींना पैसे दिले तर फोटो चांगला येत नाही त्यामुळे ते कुणी देत नाही.

प्रश्न : आमच्या उरणच्या पॉवर हाऊसमधली गॅस टर्बाइन आणि विमानातली एकच का? (एक वाचक, उरण)

तत्त्व एकच, फक्त इथे गॅसची ताकद धक्क्याऐवजी जनरेटर फिरवायला वापरतात. वीज बनवणारी पहिली अशी टर्बाइन स्वित्झर्लंडच्या नॉशाटेलमध्ये १९३९ मध्येच चालली, ४ मेगावॉटची, म्हणजे हाइंकेल उडालं त्याच वर्षी. आणि नवी विक्रांत बघितली असेल तर तिच्या पोटात चार एलएम २५०० गॅस टर्बाइन आहेत, त्या तर सरळ विमानाच्या इंजिनावरून बनवलेल्या.

प्रश्न : इंजिनाच्या मधोमध पांढरा भोवरा का रंगवतात? (इयत्ता सातवी, लातूर)

पंखा फिरतोय की थांबलाय हे खाली काम करणाऱ्यांना लांबून कळावं म्हणून. विमानतळावर इतक्या गोंगाटात कुठलं इंजिन चालू आहे ते कानाने समजत नाही, आणि चालू इंजिन समोरच्या माणसाला आत ओढू शकतं. पक्षी त्याला घाबरतात असंही म्हणतात, पण पक्ष्यांनी ते अजून मनावर घेतलेलं दिसत नाही.