सोनोग्राफीत गाऊट दिसतो म्हणजे नक्की काय दिसतं?

मागच्या अंकात युरिक ॲसिडवर थोडंसं लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये सांध्यांच्या सोनोग्राफीबद्दलच जास्त विचारलंय, काहींनी तर आख्खे रिपोर्टच पाठवलेत. सगळ्यांना वेगवेगळी उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र करून घेतोय.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 44. दोन वेळा असं झालं की रात्री झोपताना पाय ठीक होता आणि पहाटे अंगठा सुजून लाल, चादर टेकली तरी जीव जातो. युरिक ॲसिड 8.4 आलं. आता अंगठ्याची सोनोग्राफी करायला सांगितलीय. सोनोग्राफी तर पोटाची करतात ना? आणि रक्तात दिसतंयच की, मग परत हे कशाला?

उत्तर : मशीन तेच, प्रोब (अंगावर फिरवतात तो भाग) वेगळा. सांध्यांसाठी साधारण 10 ते 18 मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतात, तो खोल जात नाही पण वरवरचं अगदी बारीक दाखवतो, आणि अंगठ्याचा सांधा कातडीच्या लगेच खालीच असतो, त्यामुळे काम भागतं.

आता रक्ताचं. युरिक ॲसिड साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते रक्तात पूर्ण विरघळून राहू शकत नाही, पाण्यात मीठ जास्त झालं की तळाशी बसतं तसं ते सांध्यात क्रिस्टल होऊन बसायला लागतं. लागू *शकतं* म्हणायला पाहिजे खरं तर, कारण युरिक ॲसिड वाढलेल्या बहुतेक लोकांना जन्मात कधी गाऊट, म्हणजे या क्रिस्टलमुळे होणारी सांधेदुखी, होत नाही. आणि गंमत म्हणजे ऐन अटॅकमध्ये रक्त तपासलं तर ते नॉर्मलही येऊ शकतं, मग पेशंट म्हणतो की युरिक ॲसिड तर ठीक आहे, म्हणजे हे मुरगळलेलंच असणार. म्हणून रक्ताच्या आकड्यावर गाऊट ठरवणं किंवा खोडणं दोन्ही चूक. रक्त सांगतं काय फिरतंय, सोनोग्राफी सांगते काय बसलंय.

सगळ्यात पक्की तपासणी अजूनही सांध्यातलं पाणी सुईने काढून पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली बघणं हीच, 1961 पासून हेच चालत आलंय. त्यात सुईसारखे टोकदार क्रिस्टल दिसले की विषय संपला. पण सुजलेल्या अंगठ्यात सुई म्हटलं की पेशंट पाय मागे घेतो, आणि खरं सांगायचं तर इतक्या छोट्या सांध्यातून पाणी काढायला बरेच डॉक्टरही नाखूशच असतात, तिथे सोनोग्राफी कामाला येते.

तुमची लक्षणं इतकी पुस्तकी आहेत की सोनोग्राफीशिवाय निदान केलं तरी मी नाव ठेवणार नाही. पण गाऊटचं औषध एकदा सुरू झालं की वर्षानुवर्षं चालतं, त्याआधी क्रिस्टल किती बसलेत, हाड कुरतडलं गेलंय का हे एकदा बघून ठेवलं तर पुढे तुलना करायला बरं पडतं. करून घ्या.

प्रश्न : माझ्या पायाच्या रिपोर्टमध्ये "डबल कंटूर साइन पॉझिटिव्ह, मेटाटार्सल हेडच्या मिडिअल बाजूला इरोजन, पॉवर डॉप्लर ग्रेड 2" असं लिहिलंय. वाचून धडकी भरली. हे काय आहे?

उत्तर : एकेक घेऊ. हाडाच्या टोकावर कूर्चेची गुळगुळीत गादी असते, सोनोग्राफीत ती काळी दिसते आणि तिच्याखालचं हाड पांढऱ्या रेघेसारखं. गाऊटमध्ये क्रिस्टल त्या गादीच्या वरच्या पृष्ठभागावर थर करून बसतात, तो थरही पांढरा दिसतो. म्हणजे खाली हाडाची पांढरी रेघ, मध्ये काळा पट्टा, वर क्रिस्टलची दुसरी पांढरी रेघ, कधी सलग तर कधी तुटक. हाच तो डबल कंटूर. 2007 मध्ये याचं वर्णन छापून आलं आणि तेव्हापासून गाऊट म्हटलं की सोनोग्राफी करणारा पहिल्यांदा हीच रेघ शोधतो.

इरोजन म्हणजे हाडाला पडलेला खड्डा. अंगठ्याच्या सांध्याची आतली बाजू ही त्याची ठरलेली जागा. एक्सरेत असे खड्डे दिसायला बरीच वर्षं जावी लागतात, सोनोग्राफीत आधी सापडतात, फक्त प्रोब पोहोचतो त्याच बाजूचे, कारण हाडाच्या आरपार ध्वनिलहरी जात नाहीत.

डॉप्लर ग्रेड 0 ते 3 असतो, तो सांध्याच्या अस्तरात रक्तपुरवठा किती वाढलाय म्हणजे जळजळ किती पेटलीय ते सांगतो. 2 म्हणजे मध्यम. हा ग्रेड आजचा आहे, अटॅक ओसरला की तो खाली येतो, त्याचं टेन्शन नको. खड्डा मात्र सांगतोय की हे प्रकरण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जुनं आहे, त्यामुळे फक्त दुखलं की पेनकिलर असं वेळ मारून नेणं आता बंद करा आणि युरिक ॲसिड कायमचं खाली ठेवायच्या औषधाबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : सोनोग्राफीला उपाशीपोटी यायचं का? दुखतं का?

उत्तर : उपाशी नको, लघवी धरूनही नको, ते पोटासाठी. ऐन अटॅकमध्ये प्रोब टेकवला तरी दुखतं, तसं सांगा, भरपूर जेल लावून प्रोब नुसता तरंगत ठेवता येतो. खरं तर डॉप्लर बघताना तसाच ठेवावा लागतो, कारण दाबलं की बारीक रक्तवाहिन्या चपट्या होतात आणि पेटलेला सांधा शांत दिसतो.

प्रश्न : बाबा 76 वर्षांचे आहेत, उजवा गुडघा अचानक टम्म सुजला. युरिक ॲसिड 5.9. एका डॉक्टरांनी गाऊट म्हणून औषध दिलं, सोनोग्राफीत मात्र "कूर्चेच्या आत क्रिस्टल, सीपीपीडीची शक्यता" असं आलंय. आता कुणाचं खरं मानायचं? परवापासून थोडा तापही आहे.

उत्तर : आधी ताप. गुडघा सुजलेला, वय जास्त आणि ताप, अशा वेळी सांध्यात इन्फेक्शन नाही ना हे पहिल्यांदा बघायचं आणि ते सोनोग्राफी सांगू शकत नाही. पाणी दिसतं, पण ते पाणी आहे की पू हे नुसतं बघून खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. आजच्या आज सुईने पाणी काढून तपासायला द्या, मशीनवर बघत बघत सुई घातली तर काम सोपं होतं. क्रिस्टल सापडले तरी इन्फेक्शन नाहीच असं नसतं, दोन्ही एकत्र असू शकतं. हे पत्र छापून येईपर्यंत थांबायचं नव्हतं म्हणून तुम्हाला आधीच कळवलंय, पण इतर वाचकांसाठी इथे मुद्दाम घेतलं.

आता क्रिस्टलचा प्रश्न. सीपीपीडी म्हणजे कॅल्शियमचे क्रिस्टल, युरिक ॲसिडशी त्यांचा संबंध नाही. दोन्ही पांढरेच दिसतात, फरक जागेचा आहे. गाऊटचे गादीच्या वर बसतात, सीपीपीडीचे गादीच्या आत, काळ्या पट्ट्याच्या मधोमध ठिपके ठिपके दिसतात. गुडघ्यातल्या मेनिस्कस या कूर्चेच्या चकतीमध्ये आणि मनगटातही सापडतात. उतारवयात गुडघा असा अचानक सुजला तर सीपीपीडीची शक्यता डोक्यात ठेवायलाच हवी, त्यामुळे रिपोर्ट लिहिणाऱ्याचं म्हणणं मला पटतं. पण 5.9 वरून गाऊट नाहीच असं म्हणता येणार नाही, कारण वर लिहिलंय तसं अटॅकमध्ये आकडा खाली येतो. निकाल पाणीच लावेल.

प्रश्न : मला काहीही त्रास नाही. चेकअपमध्ये युरिक ॲसिड 7.9 आलं म्हणून स्वतःहूनच गुडघ्यांची सोनोग्राफी केली तर डबल कंटूर दिसला. म्हणजे मला गाऊट आहे ना? औषध सुरू करू?

उत्तर : हे असं स्वतःहून सोनोग्राफी करून घेणं मला आवडत नाही, सरळच सांगतो. कधीच न दुखलेल्या सांध्यातसुद्धा काही लोकांमध्ये क्रिस्टलचा थर सापडतो. थर असणं आणि आजार असणं यात अंतर आहे. सोनोग्राफी "क्रिस्टल आहेत का" याचं उत्तर चांगलं देते, "दुखणं त्यांच्यामुळेच आहे का" याचं देत नाही, आणि तुमचं तर दुखतच नाहीये.

2015 मध्ये एसीआर आणि युलार या अमेरिकन आणि युरोपियन संधिवात संघटनांनी मिळून गाऊटचे निकष ठरवले, त्यात डबल कंटूरला 4 गुण आहेत आणि 8 गुण झाले की गाऊट धरतात. पण मुळात त्या परीक्षेला बसायचीच अट अशी आहे की एकदा तरी एखादा सांधा सुजलेला किंवा दुखलेला असला पाहिजे. तुम्ही त्या दारातूनच आत गेलेले नाही. एसीआरच्या 2020 च्या सूचनाही लक्षणं नसताना नुसत्या वाढलेल्या युरिक ॲसिडवर औषध सुरू करू नका असंच सुचवतात. त्यापेक्षा वजन, बीपी, किडनी बघून घ्या, आणि बीपीसाठी पाणी उतरवणारी गोळी चालू असेल तर ती युरिक ॲसिड वाढवते, त्याबद्दल विचारा. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

प्रश्न : मी रेडिओलॉजी शिकतोय. माझ्या रिपोर्टमधले डबल कंटूर सर नेहमी खोडतात, म्हणतात ही साधी रेघ आहे. फरक कसा ओळखायचा?

उत्तर : सर बरोबर असणार. ध्वनिलहर गादीवर काटकोनात पडली की निरोगी गादीच्या वरच्या कडेलाही एक पांढरी रेघ उमटते, विशेषतः सांध्यात वरती पाणी असलं की जास्तच. प्रोब जागेवरून न हलवता थोडा कलता करा. साधी रेघ विझते, क्रिस्टलची टिकते. जाडी बघा, साधी रेघ केसासारखी बारीक असते, क्रिस्टलची जवळजवळ खालच्या हाडाच्या रेघेएवढी जाड, आणि कड जराशी खडबडीत. मग सांधा हलवून बघा, क्रिस्टलचा थर गादीबरोबरच सरकतो. गुडघा बघताना तो पूर्ण दुमडायला सांगता ना? न दुमडता बघितलं तर फीमरची (मांडीच्या हाडाची) बघायची ती गादी वाटीखाली लपलेली असते आणि तुम्ही "निगेटिव्ह" लिहून मोकळे. अंगठ्याच्या सांध्यात थोडंसं पाणी निरोगी माणसातही दिसतं, त्यावरून साप साप म्हणून भुई धोपटू नका.

आणि निगेटिव्ह लिहिताना कोणते सांधे बघितले ते लिहा. 2017 मध्ये आठशेहून जास्त पेशंटचा एक अभ्यास आला, सांध्यातल्या पाण्याशी ताडून बघितलेला, त्यात डबल कंटूर, टोफस (क्रिस्टलचा गोळा) किंवा पाण्यात तरंगणारे क्रिस्टल यातलं एक तरी चिन्ह गाऊटच्या साधारण 77 टक्के पेशंटमध्ये दिसलं आणि गाऊट नसलेल्या साधारण 84 टक्क्यांत यातलं काहीच दिसलं नाही. म्हणजे गाऊट असूनही जवळजवळ चौथा हिस्सा सुटतो, आणि आजार नवा असेल तर जास्तच सुटतो. "गाऊट नाही" असं लिहू नका, "तपासलेल्या सांध्यांत क्रिस्टलची चिन्हं दिसली नाहीत" असं लिहा.

प्रश्न : सोनोग्राफीपेक्षा ड्युअल एनर्जी सीटी भारी असतो म्हणे?

उत्तर : हा दोन वेगवेगळ्या ताकदीच्या एक्सरेंनी केलेला सीटी स्कॅन. मोठे साठे, खोलवरचे, मणक्यातले असतील तर हो, त्यात युरिक ॲसिड वेगळ्या रंगात दाखवता येतं आणि तपासणारा माणूस बदलला म्हणून चित्र बदलत नाही. पण सुरुवातीचा पातळ थर त्यात निसटू शकतो, जो सोनोग्राफीत दिसतो, शिवाय रेडिएशन येतं. सोनोग्राफीतून प्रश्न सुटला नाही तर त्याचा विचार करा.

प्रश्न : वर्षभर ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड कमी करायचं औषध) घेतेय, युरिक ॲसिड 5.2 वर आहे, सहा महिन्यांत एकही अटॅक नाही. परवा परत सोनोग्राफी केली तर डबल कंटूर गेलाय पण टाचेजवळच्या टेंडनमधला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतला) टोफस आहेच, फक्त लहान झालाय. औषधाचा उपयोग होत नाहीये का? का आता बंद करून चालेल?

उत्तर : उपयोग होतोय, रिपोर्टच सांगतोय. गादीवरचा पातळ थर आधी विरघळतो, काही महिने ते वर्षभरात, टोफस म्हणजे क्रिस्टलचा गोळा असतो आणि त्याला जास्त वेळ लागतो. तो अजून आहे म्हणजेच औषध बंद करायची वेळ नाही, बंद केलं की युरिक ॲसिड वर जाणार आणि थर परत बसायला लागणार. टोफस असणाऱ्यांमध्ये, तो विरघळेपर्यंत तरी, आकडा 5 च्या खाली ठेवावा असं युलारच्या सूचना म्हणतात, तुमचा जरासा वर आहे, तेव्हा डोस थोडा वाढवायचा का ते डॉक्टरांना विचारा. मधेच अटॅक आला तरी ॲलोप्युरिनॉल चालूच ठेवायचं, अटॅकचं औषध वेगळं.

परत सोनोग्राफीची घाई नको, दर दोन महिन्यांनी बघून काही हाती लागणार नाही, वर्षभराने करा. तेव्हा शक्यतो त्याच माणसाकडे करा, जुना रिपोर्ट आणि त्याचे फोटो बरोबर न्या, आणि टोफसची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून द्यायला सांगा.