आई-वडील सहा महिन्यांसाठी अमेरिकेला येत आहेत. त्यांच्या बॅगा कशा भराव्यात?

आपण लिहिले आहे की आई-वडील प्रथमच येत आहेत, प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगांची मुभा आहे, तरीही सामान मावत नाही. तेव्हा हवा काढून घेणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या विकत घ्याव्यात का? माझ्या मते घेऊ नयेत. त्या पिशव्यांमुळे कपड्यांची जागा कमी होते, वजन मात्र तेवढेच राहते, आणि आपल्याकडच्या सामानात जागेच्या आधी वजनाचीच मर्यादा संपते. उलट मोकळी झालेली जागा पाहून आई आणखी दोन डबे भरणार, हे मी आमच्या घरी पाहिले आहे.

म्हणून सुरुवात रिकाम्या बॅगेपासून करावी. कडक कवचाची मोठी बॅग रिकामीच चार-साडेचार किलोंची असते, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा तिथेच गेला. त्यामानाने कापडी बॅग बरीच हलकी मिळते. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज साधारणपणे 158 सेंटिमीटरच्या आत असावी लागते. कपड्यांविषयी फार विचार करण्याचे कारण नाही. घरी धुलाईयंत्र असताना प्रत्येकी सात-आठ जोड पुष्कळ झाले, आणि जड कोट इथेच घेता येतो.

खरा प्रश्न खाण्याच्या पदार्थांचा आहे. तूरडाळ, पोहे, रवा हे इथल्या भारतीय दुकानांत मिळतेच. शिवाय खपरा भुंगेरा या धान्याला लागणाऱ्या किडीच्या भीतीमुळे भारतातून घरगुती वापरासाठी तांदूळ किंवा प्रक्रिया न केलेली कडधान्ये आणायला मनाई आहे. ताजी फळे आणि कढीपत्ताही आणू नये. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मुंबईतच अडतील, कारण तेलकट खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडते. त्यामुळे जे इथे मनासारखे मिळत नाही, म्हणजे घरची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला, त्यालाच वजन द्यावे. ही पिठे मोठ्या बॅगेतच ठेवावीत, कारण अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत हातातल्या सामानात 350 मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असली की तिची वेगळी तपासणी होते आणि ती काढून घेतलीही जाऊ शकते.

लोणच्याची बरणी शक्यतो टाळावी. विमान उंचीवर गेले की भोवतालचा दाब कमी होतो, झाकणाखालची हवा फुगते आणि आडव्या पडलेल्या बरणीतून तेल बाहेर येते. त्यापेक्षा लोणच्याचा कोरडा मसाला आणावा. लिंबे इथे मिळतात आणि फोडणी इथे करता येते. मन वळवता आलेच नाही, तर झाकणाखाली प्लॅस्टिक ताणून बसवावे, बरणी दोन पिशव्यांत बांधावी आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवावी.

औषधे पूर्ण मुक्कामाची, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत असावीत. पॉवर बँकही तिथेच, कारण ती मोठ्या बॅगेत चालत नाही. मोठ्या बॅगांमध्ये मात्र आईचे निम्मे कपडे वडिलांच्या आणि वडिलांचे आईच्या बॅगेत घालावेत, म्हणजे एखादी बॅग उशिरा आली तरी कोणाचीच अडचण होत नाही. टांगून वजन करण्याचा लहान काटा घ्यावा आणि प्रत्येक बॅग 22 किलोंवर थांबवावी; घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा यांत थोडा फरक पडतोच.

एक गोष्ट फार जण विचारात घेत नाहीत. अमेरिकेत पुढचे विमान पकडायचे असेल, तर बहुतेक वेळा पहिल्याच विमानतळावर सगळ्या बॅगा पट्ट्यावरून उचलून, सीमाशुल्काची तपासणी करून पुन्हा द्याव्या लागतात. अबू धाबीमार्गे आल्यास ही तपासणी तिथेच उरकते. खाद्यपदार्थ आहेत का, असे विचारल्यावर सरळ ‘हो’ म्हणावे. लपवल्यास दंड होऊ शकतो. चार बॅगा हाताळणे त्यांना जड जाईल असे वाटत असेल, तर व्हीलचेअरची सोय आधीच मागून ठेवावी. चौथी बॅग केवळ परतीच्या खरेदीसाठी हवी असेल, तर ती रिकामी असताना दुसऱ्या मोठ्या बॅगेत घालून आणावी, फक्त तिचे वजन त्या 22 किलोंत धरावे.