लेण्यांतले कोळी : जाळी नव्हे, कोळी मोजा

प्रश्न : पांडवलेण्यांतल्या कोठड्यांत बारीक पायांचे कोळी दिसतात. हात जवळ नेला की जाळ्यासकट गरगर हलायला लागतात. विषारी असतात का?

उत्तर : माणसाला त्यांच्यापासून धोका नाही. घरात छताच्या कोपऱ्यात जळमटं करणारे ते हेच, फॉल्सिडी कुळातले. इतक्या जोरात हलल्यावर अंगाची कड पुसट होते आणि शत्रूचा नेम चुकतो. पोट मागच्या बाजूला खोक्यासारखं चौकोनी असेल, तर बहुधा क्रॉसोप्रायझा लायोनी ही प्रजाती. तोंडाशी फिकट मण्यांचा घोस दिसला तर ते भक्ष्य समजू नका. ती मादी आहे आणि पिल्लं निघेपर्यंत अंडी जबड्यातच धरून ठेवते.

प्रश्न : आपल्याकडच्या लेण्यांत बिनडोळ्यांचे कोळी सापडतील का?

उत्तर : अपेक्षा ठेवू नका. पांडवलेणी माणसाने बेसॉल्टच्या काळ्या खडकात कोरलेली, उथळ. उजेड पार आतपर्यंत जातो. डोळे गमावायला हजारो पिढ्यांचा अखंड काळोख आणि ओलावा लागतो. पण याचा दोष बेसॉल्टला देऊ नका. हवाईतल्या काउआई बेटावर बेसॉल्टच्याच लाव्हा-नळ्यांत (लाव्हा वाहून गेल्यावर उरलेल्या बोगद्यांत) बिनडोळ्यांचा लांडगा-कोळी राहतो, आणि हे कुळ तर मोठ्या डोळ्यांसाठी प्रसिद्ध! लाओसच्या गुहेतला सायनोपोडा स्क्युरिऑन हा शिकारी कोळीही असाच बिनडोळ्यांचा, २०१२ मध्ये नोंदवलेला.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी लेण्यांतले कोळी मोजायचे आहेत. पद्धत सांगाल?

उत्तर : दारापासून ०, २, ५ आणि १० मीटरवर मोजटेपने मोजून जागा ठरवा. लेणं तेवढं खोल नसेल तर जिथे भिंत संपते तिथे थांबा. प्रत्येक जागी दोन्ही भिंतींवर १ × १ मीटरचा चौकोन नजरेनेच धरा; खडू, टेपचे तुकडे चिकटवणं नको, वास्तू संरक्षित आहे. प्रत्येक चौकोनाला बरोबर पाच मिनिटं, आणि पाहणारा एकच. एकाने पाच मिनिटं शोधलं आणि दुसऱ्याने पंधरा, तर आकडे कोळ्यांचे राहत नाहीत, चिकाटीचे होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जाळी मोजणं. आत वारा-पाऊस नसल्याने सोडून दिलेली जाळी बराच काळ टिकतात. म्हणून ‘कोळी’ आणि ‘रिकामं जाळं’ असे वेगळे रकाने ठेवा. शेजारी जमिनीपासून उंची, भिंत ओली की कोरडी आणि उजेड लिहा. फोनमधलं लक्स (उजेडाचं एकक) मोजणारं ॲप तुलनेपुरतं चालतं. भिंतीवरचे मोठे चपटे शिकारी कोळी दिवसा फटींत दडतात, तेव्हा दिवसाची मोजणी ‘दिवसाची’ म्हणूनच नोंदवा. टॉर्च डोळ्याच्या पातळीवर, कानशिलाशी धरा. लांडगा-कोळ्याचे डोळे लगेच चमकतात.

फोटो चार : वरून, डोळ्यांचा, पोटाखालून, जाळ्याचा. मोजपट्टी शेजारी धरा, पण भिंतीला न टेकवता. पिल्लाची प्रजाती फोटोवरून ठरवू नका, ती प्रौढाच्या जननेंद्रियांवरून ठरते. म्हणून बऱ्याच नोंदी कुळापर्यंतच थांबतील, आणि ते चुकीचं नाही. नमुने गोळा करायला परवानगी लागते. वटवाघळं असलेली कोठडी सरळ सोडून द्या: त्यांची झोपमोड होते, आणि विष्ठेच्या धुळीतली बुरशी फुफ्फुसाला बाधते.

प्रश्न : भिंतीवर चाबकासारखे लांब पाय असलेला, चपटा, खेकड्यासारखा तिरका पळणारा प्राणी दिसला. हाही कोळीच ना?

उत्तर : नाही. हाही कोळी-विंचवांसारखा आठ पायांचाच, पण ॲम्ब्लिपायजी गटातला. जाळं विणत नाही, विषही नाही. ते चाबूक म्हणजे पुढच्या पायांची जोडी, त्यांनी तो अंधार चाचपतो. मोजणीत याला वेगळा रकाना द्या.