दोन बीएचके आवरायला किती दिवस? आधी माळे मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात कोथरूडचं भाड्याचं दोन बीएचके, बारा वर्षांचा मुक्काम, दोघेही नोकरीवाले, मुलगा तिसरीत जाणार, सासूबाई सोबत, घरात छताखाली सामान चढवायचे तीन माळे, आणि ३१ मेला वाकडला जायचंय. आज ४ तारीख. पॅकर्सवाला म्हणतोय, "एका दिवसाचं काम आहे मॅडम, तुम्ही कशालाच हात लावू नका." म्हणून तुम्ही विचारताय की एका दिवसाची रजा पुरेल का.

नाही पुरणार. तो माणूस खोटं बोलत नाहीये. त्याची चार-पाच पोरं सकाळी नवाला येतील आणि तीन वाजेपर्यंत तुमचं सगळं घर खोक्यांत असेल. पण सगळं म्हणजे अगदी सगळं. नागपूरहून ठाण्याला आलो तेव्हा त्यांनी आमची केराची बादली केरासकट गुंडाळली होती. वर बबल रॅप, त्यावर तपकिरी टेप, आणि टेपवर मार्करने 'किचन'. चौथ्या दिवशी वासाचा माग काढत ती सापडली, आत आंब्याच्या साली आणि कोयी. दिसेल ते बांधायचं ही त्या पोरांची नोकरी, त्यात त्यांचा काय दोष. काय बांधायचं आणि काय नाही हे आपण ठरवायचं असतं, आणि दिवस त्यातच जातात.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदल्यांपायी बावीस वर्षांत मी सात घरं हलवली. तिसऱ्या बदलीपासून एक वही ठेवली. खोक्याचा नंबर, आत काय, भरायला किती वेळ. खरं तर ती भांडणातून सुरू झाली. ह्यांचं म्हणणं, तू उगाच पंधरा दिवस आधीपासून घर विस्कटून ठेवतेस. म्हटलं, लिहूनच ठेवते. पुस्तकांचा खोका दहा मिनिटांत होतो. काचेच्या भांड्यांचा पस्तीस-चाळीस मिनिटं घेतो, कारण प्रत्येक ग्लास कागदात गुंडाळायचा. आणि ज्याच्यावर मी 'इतर' असं लिहिलं होतं त्या एका खोक्याला एक तास दहा मिनिटं लागली. त्यात होतं काय? तीन चार्जर, एक कुलूप, दोन किल्ल्या (त्या कुलपाच्या नव्हेत), पासपोर्ट फोटोंची पाकिटं, लग्नपत्रिका, मेणबत्त्या, भोवरा. वजन जेमतेम तीन किलो.

म्हणून मी कुणाला बीएचके विचारत नाही. तो बिल्डरचा हिशेब. मी विचारते, माळे किती आणि त्या घरात किती वर्षं. ठाण्याच्या दोन बीएचकेत आम्ही अकरा महिनेच होतो, ते दोन दिवसांत आवरलं. कोल्हापूरचं घर एकच बेडरूमचं, पण पॅसेजभर माळा आणि सहा वर्षांचा मुक्काम. त्याला बारा दिवस लागले. तुमचे तीन माळे आणि बारा वर्षं, तेव्हा माळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आमच्या कोल्हापूरच्या माळ्याचा दिवस असा गेला. हे शिडीवर, मी खाली हात वर करून, सासूबाई खुर्ची टाकून समोर. आधी उतरलं पितळी घंगाळ. मग पुरणयंत्र, सोऱ्या, दोन पाट, पाळण्याच्या दोऱ्या, बंद पडलेला टू-इन-वन आणि मागोमाग त्याच टू-इन-वनचं रिकामं खोकं, थर्माकोलसकट. मी विचारायचं, "हे ठेवायचंय?" त्या म्हणायच्या, "असू दे, लागतं." घंगाळ कुणी दिलं, कुणाच्या लग्नात, त्या लग्नात जेवणावळीला आमटी कशी कमी पडली, हे सगळं झाल्याशिवाय पुढची वस्तू खाली येईना. चार तासांत एक्केचाळीस वस्तू उतरल्या. टाकल्या किती? नऊ. बाकीच्या बत्तीस आमच्याबरोबर नाशिकला आल्या आणि तिथल्या माळ्यावर चढल्या.

तेव्हा मला फार राग आला होता. आता वाटतं, घाई मीच करत होते. बाई पन्नास वर्षांचा संसार खाली उतरताना बघतेय आणि मी हातात काळी पिशवी घेऊन उभी. पुढच्या बदलीला मी माळा आधी काढला, ट्रकच्या तारखेच्या तीन आठवडे आधी, आणि एका वेळी एकच. शनिवारी सकाळी चहा झाल्यावर बसायचं, जेवणाची वेळ झाली की थांबायचं. 'टाकू का' असं विचारणं बंद केलं. त्याऐवजी विचारलं, "हे कुणाला द्यायचं?" घंगाळ त्यांनी स्वतः उचलून नणंदेच्या सुनेला दिलं. त्या खेपेला अठरा वस्तू कमी झाल्या, वाद एकही नाही. तुम्ही एका माळ्याला एक सकाळ धरा. तीन माळे म्हणजे तीन सकाळी, आणि त्या पहिल्या दोन शनिवार-रविवारांतच उरका.

माळे आधी काढायचं आणखी एक कारण आहे. पॅकर्सचा माणूस सामान बघायला येतो तेव्हा आपण त्याला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर दाखवतो. माळा आणि बाल्कनी कुणी दाखवत नाही. तो त्यावरून गाडी ठरवतो, आणि ऐनवेळी चार कुंड्या, सायकल, गाद्यांची वळकटी खाली उरते. मग 'दुसरी फेरी लागेल, जादा पैसे होतील'. आधी माळा उतरवा, मग त्याला बोलवा, आणि फोनवर अंदाज घेणाऱ्याला सरळ नाही म्हणा. गावातल्या गावात भरलेल्या दोन बीएचकेला चौदा फुटी गाडी बरी. छोटा हत्ती स्वस्त दिसतो, पण त्याला तीन फेऱ्या होतात, आणि कोथरूड ते वाकड तीन फेऱ्या म्हणजे दिवस संपला.

कागदपत्रांना एक अख्खी संध्याकाळ द्या, टीव्ही बंद ठेवून. भाडेकरार, मुलाचा जन्मदाखला, गॅसचं कार्ड, पॉलिस्या, दवाखान्याच्या फायली, सोनंनाणं हे एका बॅगेत, आणि ती बॅग ट्रकमध्ये जात नाही. पुस्तकं, शोकेस, जादा गोधड्या यांचं विशेष काही नाही. पुस्तकं छोट्या खोक्यात भरा, मोठ्यात भरलीत तर उचलणाऱ्याची कंबर जाईल आणि खोक्याचा तळ. कपड्यांना खोकी नकोतच, जुन्या चादरीची बोचकी बांधा. काचेसाठी वाईन शॉपमधले पुठ्ठ्याच्या कप्प्यांचे खोके उत्तम. आणायला लाज वाटत असेल तर नवऱ्याला पाठवा, आमच्याकडे तेच जातात.

स्वयंपाकघराला मात्र सुरुवात आजपासून करायला हवी, आणि ती काही न भरण्यापासून. मे महिना आहे. वर्षाचे गहू, डाळी, मसाला, कैरीचं लोणचं यातलं काहीही यंदा या घरात करू नका. गहू नव्या घरी भरा, लोणचं जूनच्या पहिल्या आठवड्यात घाला, कैऱ्या कुठे पळून जात नाहीत. महिनाभर आहे तेच संपवत जा. फ्रीझरमधलं मटार, खोवलेलं खोबरं, तळाशी राहिलेले पापड. मी दर वेळी मनाशी ठरवते की यंदा वाणसामान आणायचंच नाही, आणि दर वेळी शेवटच्या आठवड्यात निम्मा किलो पोहे आणते, पण तेवढं चालतं.

मग भांडी तीन ढिगांत: वर्षातून लागणारी, महिन्यातून लागणारी, रोजची. पहिला ढीग १५ तारखेपर्यंत बंद, दुसरा २४ पर्यंत. शेवटचे तीन दिवस एक कुकर, एक कढई, तवा, पोळपाट-लाटणं, माणशी एक ताट-वाटी यावर घर चालतं. स्टीलची भांडी पॅकर्सवर सोडा, त्यांना काही होत नाही. तेल, तूप, लोणच्याच्या बरण्या तुमच्या गाडीत, झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद घालून. मसाल्याच्या डब्यात वाट्यांवर दुमडलेला कागद ठेवून वरून फडक्याने आवळून बांधा, नाहीतर हळद आणि तिखट एकजीव होऊन बाहेर येतं. कुकरची शिट्टी कुकरच्याच आत टाका. आमची नाशिकला गेली, म्हणजे कोल्हापूरहून निघाली एवढं नक्की. दिवाळीत पडदे काढले तेव्हा त्यांच्या घडीत सापडली. तोवर दुसरी घेतली होती.

आता तुमच्या घराचा हिशेब माझ्या वहीवरून मांडते, माणसाच्या तासांत. तीन माळे १२, कागदपत्रं ५, स्वयंपाकघर १०, कपडे ५, पुस्तकं ४, शोकेस ३, बाल्कनी आणि न्हाणीघर ३, ते 'इतर'वालं किडूकमिडूक ८, आणि फोन, सोसायट्या, मेकॅनिक यांची धावपळ ४. झाले ५४. त्यात चौथा भाग वाढवा, कारण मुलाला ताप येईल किंवा कुणीतरी पाहुणा नेमका तेव्हाच टपकेल. म्हणजे ६८ च्या आसपास. पॅकर्स लावलेत तर त्यातले वीसेक तास ते उचलतात, प्रत्यक्ष गुंडाळण्या-भरण्याचे. उरलेले ४८ तुमचेच.

ते कुठून आणायचे? सुट्टीच्या दिवशी खरं काम पाच तासांचं होतं, दहा नाही. आणि दोघं असलात तरी एकजण अर्धा वेळ मुलाकडे आणि गॅसपाशी, तेव्हा माणसं दीड धरा. सुट्टीचा एक दिवस म्हणजे साडेसात तास. तीन शनिवार-रविवारांचे ४५. ऑफिसहून आल्यावर रोज दोन तास करू असं सगळे म्हणतात, होतं अर्ध्या तासाचं, तेही एक दिवसाआड. त्यातून तीनेक तास मिळाले तरी नशीब. म्हणजे गणित काठावर जुळतं, पण एकही शनिवार-रविवार लग्नात घालवायचा नाही या अटीवर. मे महिन्यात ही अट अवघड आहे, कल्पना आहे. एक शनिवार-रविवार गेला की त्याच्या बदल्यात दोन दिवसांची रजा टाका.

रजा किमान तीन दिवसांची घ्या: सामान हलायच्या आदला दिवस, तो दिवस, नंतरचा दिवस. आदल्या दिवशी एसी उतरवणारा येणार, त्याला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायचा असतो. पाण्याच्या फिल्टरला प्लंबर लागतो. फ्रीज संध्याकाळी बंद करून, पुसून, दार किलकिलं ठेवायचं. वॉशिंग मशीन पुढून उघडणारं असेल तर ते आणलं तेव्हा मागून काढलेले बोल्ट शोधा, ड्रम जखडायला ते परत बसवावे लागतात. (आमचे देवघराच्या खणात असतात. का, ते विचारू नका.) भरलेला सिलिंडर पॅकर्स ट्रकमध्ये घेत नाहीत, तेव्हा एजन्सीत आठवडाभर आधी जाऊन या.

जमलं तर ३१ तारीखच बदला. महिनाअखेरीला सगळ्या गावाचे भाडेकरार संपतात, गाड्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दर चढे. २७-२८ च्या सुमाराचा कामाचा दिवस बघा. नव्या घराच्या मालकाला चार दिवसांचं जादा भाडं द्यावं लागेल, ते द्या. कारण एक काम कुणीच धरत नाही: ट्रक गेल्यावर रिकामं घर. खिळे काढणं, झाडणं, ओटा घासणं, दिवे-पंखे मालकाला मोजून दाखवणं. अर्धा दिवस जातो, आणि डिपॉझिट त्यावर अडकलेलं असतं. दोन्ही घरांच्या किल्ल्या चार दिवस हातात असल्या की हे निवांत होतं. दोन्ही सोसायट्यांना आत्ताच विचारून ठेवा, परवानगीचं पत्र लागतं का आणि लिफ्ट कोणत्या वेळात मिळेल. काही ठिकाणी रविवारी सामान चढवूच देत नाहीत. आणि मेच्या शेवटी वळीव कधीही येतो, गाद्यांना प्लॅस्टिक हवंच.

देव सगळ्यात शेवटी उचला, आणि तेही तुमच्या मांडीवरून न्या. त्याच पिशवीत निरांजन, काडेपेटी, चहा-साखर, दुधाचं पातेलं, एक गाळणं आणि खोकी उघडायला कात्री. कात्री बाहेर ठेवायची राहते आणि मग सगळं घर दातांनी टेप सोडत बसतं.

सासूबाईंशी माळ्याचं बोलणं आजच रात्री जेवताना करा. आणि शनिवारसाठी शिडी कुणाकडे आहे ते बघून ठेवा. खुर्चीवर स्टूल ठेवून चढू नका.